गतीची बखर आणि शांततेचा जमाखर्च

#धागा #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/ इंटरनेटचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेक मांडण्या एकाच तक्त्यावर उभ्या असतात. आधी ९.६ किलोबिट, मग २८.८, मग ५६, मग ६४, मग मेगाबिट. प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा, म्हणून प्रत्येक पाऊल प्रगतीचे. याला इतिहास म्हणणे कठीण आहे. ही गतीची बखर झाली. बखरीत नायक असतो, पराक्रम असतो, जमाखर्च मात्र नसतो. या धाग्याचा विषय तो गहाळ झालेला जमाखर्च आहे. काहीही न बोलणाऱ्या जोडणीचे बिल कोण भरत होते, आणि ते टाळण्यासाठी राउटर नावाच्या यंत्राला काय काय करावे लागले?

२/ स्थळ पश्चिम जर्मनी, साल १९८९. हानोफरच्या सेबिट प्रदर्शनात बुंडेसपोस्टने आयएसडीएन सेवेचा औपचारिक प्रारंभ केला. घरापर्यंत आलेली तांब्याची तार तीच राहिली, तिच्यातून जाणारा संदेश मात्र पूर्णतः डिजिटल झाला. मूळ जोडणीत तीन वाहिन्या होत्या: प्रत्येकी ६४ किलोबिटच्या दोन ‘बी’ वाहिन्या बोलण्यासाठी वा डेटासाठी, आणि १६ किलोबिटची एक ‘डी’ वाहिनी केवळ संकेतांसाठी. कोण कोणास फोन करीत आहे, कोणी उचलला, कोणी ठेवला, हे सारे त्या तिसऱ्या वाहिनीवर चाले.

३/ बखरकार येथे ६४ या आकड्याशी थांबतात आणि ‘मोडेमपेक्षा थोडे वेगवान’ असा शेरा मारून पुढे जातात. खरा फरक त्यांच्या हातून निसटतो. मोडेमला किंचाळत, कुरकुरत जोडणी जमवायला अर्धा मिनिट लागे. आयएसडीएनची जोडणी एखाद-दोन सेकंदांत उभी राही. म्हणजेच ती निश्चिंतपणे तोडता येत असे. काम नसेल तेव्हा तार सोडावी, काम आले की पुन्हा जोडावी, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागू नये, ही शक्यता प्रथमच व्यवहार्य झाली. त्या तंत्राचे मर्म त्याच्या वेगापेक्षा त्याच्या तुटण्याच्या सहजतेत होते.

४/ आता दरपत्रक पाहावे. १ जानेवारी १९९६ पासून जर्मनीत टेलिफोनचे एक युनिट १२ फेनिगचे झाले. शहरांतर्गत फोनला दिवसाच्या गर्दीच्या वेळी एक युनिट ९० सेकंद पुरे. भरपूर डेटा गेला तरी ९० सेकंदांचे १२ फेनिग. एक अक्षरही गेले नाही तरी तेवढेच. एका सेकंदात फोन संपला तरी पहिले युनिट लागू होई. मोजमाप वेळेचे होते, मजकुराचे नव्हते. तेव्हा ज्या शाखा-कार्यालयाने मुख्यालयाशी अशी जोडणी ठेवली, त्याच्यासाठी शांतता ही बोलण्याइतकीच महाग होती.

५/ येथे एक भेद स्पष्ट हवा. तार वेगळी आणि सत्र वेगळे. दोन संगणकांमधील सत्र तारेत राहत नाही. ते दोन्ही टोकांच्या स्मरणात राहते. कुठपर्यंतचा मजकूर पोहोचला, पुढचा क्रमांक कोणता, एवढे दोघांना आठवत असले की सत्र जिवंत. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये टीसीपीची जी व्याख्या आहे, तिच्यात ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ असे विचारण्याची सक्तीच नाही. दोन टोके तासन्‌तास गप्प राहिली तरी सत्र अबाधित राहते. मध्यंतरी तार तुटली, पुन्हा जुळली, तरी टीसीपीला त्याचे सोयरसुतक नसते.

६/ मग बिल वाढवले कोणी? त्याचे उत्तर अमेरिकेतील युटा राज्यात सापडते. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली त्या काळी जगभरच्या कार्यालयांत फाइली आणि प्रिंटर वाटून देत होती. तिचा आयपीएक्स हा संवादनियम झेरॉक्सच्या जुन्या आराखड्यावर बेतलेला होता, आणि तो घडला एकाच इमारतीत पसरलेल्या केबलसाठी. त्या केबलवर एक पॅकेट अधिक गेले काय आणि हजार गेली काय, खर्च शून्य. फुकटच्या गावात वाढलेल्या मुलाला पैशाची किंमत कळू नये, तशी या संवादनियमाची स्थिती होती.

७/ नेटवेअरचा सर्व्हर प्रत्येक संगणकाची हजेरी घेई. एखादा संगणक सुमारे पाच मिनिटे गप्प राहिला की सर्व्हर हाक मारी. उत्तर आले नाही तर साधारण दर मिनिटाला एक, अशा आणखी दहा हाका. आणि तरीही उत्तर नाही तर सत्र बंद. या हाकेचे नावच ‘वॉचडॉग’. याखेरीज मार्गांची आणि सेवांची जाहिरात दर ६० सेकंदांनी सर्वत्र होई. शिवाय एकच परवाना दोन सर्व्हरांवर चढवलेला नाही ना, हे तपासण्यासाठी सर्व्हर एकमेकांना अनुक्रमांक विचारीत. काम काही नाही, गजबज अखंड.

८/ हा कुत्रा आयएसडीएनच्या दारात बांधला तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. रात्री कार्यालय बंद, एक संगणक सुरू राहिलेला. दर पाच मिनिटांनी हाक, प्रत्येक हाकेसाठी नवा फोन, प्रत्येक फोनला किमान एक युनिट. तासाला १२ फोन, अहोरात्रीत २८८. प्रत्येकी १२ फेनिग धरले तर दिवसाचे ३४.५६ मार्क, तीस दिवसांचे १,०३६.८० मार्क. आणि या महिनाभरात देवाणघेवाण काय झाली? ‘आहेस का?’ आणि ‘आहे’. दर मिनिटाच्या जाहिराती यात धरलेल्याच नाहीत. त्या धरल्या तर तार सुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

९/ या बिलासाठी सरसकट टेलिफोन खात्याला दोषी धरण्याची प्रथा आहे. दर चढे होते, हे मान्यच. परंतु मूळ चूक दरपत्रकात नव्हती. ती एका गृहीतकात होती: ‘जो गप्प, तो मेला.’ मराठी इतिहासाच्या वाचकाला हे गृहीतक किती कच्चे आहे ते सांगायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंची निश्चित खबर आली नाही, आणि पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. खबर नसणे आणि माणूस नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्व्हरच्या रचनाकारांनी त्या एकच मानल्या.

१०/ ही चूक निस्तरण्याचे काम राउटरवर पडले. त्याचे पहिले हत्यार निवडीचे. प्रशासक एक यादी लिहून ठेवी: कोणत्या पॅकेटसाठी फोन लावायचा आणि कोणत्यासाठी नाही. पोलिसी भाषेत दखलपात्र आणि अदखलपात्र. माणसाने मागवलेली फाइल दखलपात्र. मार्गांची जाहिरात, सेवांची जाहिरात, अनुक्रमांकाची चौकशी अदखलपात्र. तार आधीच जुळलेली असेल तर अदखलपात्र पॅकेटही तिच्यावरून जाऊ शके, पण केवळ त्याच्यासाठी फोन लागत नसे.

११/ दुसरे हत्यार घड्याळाचे. शेवटचे दखलपात्र पॅकेट गेले की राउटर उलट मोजणी सुरू करी. सिस्कोच्या राउटरांत, कोणी बदलला नाही तर, हा अवधी १२० सेकंदांचा असे. त्या काळात नवे दखलपात्र पॅकेट आले तर मोजणी पुन्हा आरंभापासून. नाही आले तर फोन खाली. अदखलपात्र पॅकेटांना या घड्याळाला हात लावण्याचा अधिकार नव्हता. हा नियम लहान दिसतो, पण साऱ्या व्यवस्थेचा तोल त्यावर होता. तो चुकला की तार कधीच सुटत नसे, आणि चूक महिनाअखेरीस बिलातूनच कळे.

१२/ पण वॉचडॉगच्या हाकेला केवळ अडवून भागत नव्हते. हाक अडवली तर उत्तर जाणार नाही, आणि उत्तर नाही म्हणून सर्व्हर सत्र मोडणार. म्हणून तिसरे हत्यार निघाले: तोतयेगिरी. सर्व्हरच्या बाजूचा राउटर स्वतःच दूरच्या संगणकाच्या नावाने उत्तर देई, ‘आहे’. तार सुटलेली, संगणक शंभर कोसांवर, आणि सर्व्हर समाधानी. एसपीएक्स या भावंड-नियमात दोन्ही टोके एकमेकांना हाका मारीत; तेथे दोन्ही बाजूंना एकेक तोतया बसवावा लागे. इंग्रजीत या कृतीला स्पूफिंग हे नाव रूढ झाले.

१३/ राउटरांच्या आपसातील गप्पांचीही हीच गत होती. आयपीवरील रिप हा नियम दर ३० सेकंदांनी आपले सारे मार्ग पुन्हा सांगे. ओएसपीएफ दर १० सेकंदांनी नमस्कार करी. फेब्रुवारी १९९४ च्या आरएफसी १५८२ ने रिपला नवी शिस्त लावली: एकदा सारे सांगावे, पुढे बदल झाला तरच बोलावे. एप्रिल १९९५ मध्ये जॉन मॉय यांच्या आरएफसी १७९३ ने ओएसपीएफला तीच मुभा दिली. नमस्कार थांबले, आणि ‘ही माहिती शिळी समजू नये’ अशी खूण नोंदीवर आली. तार सुटलेली असली तरी पलीकडचा पोहोचण्याजोगा आहे, असे मानून चालायचे. संवादनियमांच्या जगात हा मोठा पालट होता: मौनाला प्रथमच विश्वासाचा दर्जा मिळाला.

१४/ जर्मन राउटरांनी काटकसरीची परिसीमा गाठली. आयएसडीएनमध्ये चालू फोनच्या आकाराची माहिती डी वाहिनीवरून ग्राहकाला कळवण्याची सोय होती. नवे युनिट सुरू झाले की संकेत येई. मग चतुर राउटर विचार करी: या युनिटचे पैसे तर गेलेच, आता लगेच फोन ठेवण्यात काय शहाणपण? म्हणून तो युनिट संपत येईपर्यंत तार धरून ठेवी आणि पुढचे युनिट लागण्याच्या क्षणभर आधी सोडी. विकत घेतलेली शांतता शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची. अशा यंत्राला ‘संथ युगाचा अवशेष’ म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचा हिशेब इतक्या काटेकोरपणे कधी ठेवला आहे काय?

१५/ आणखी एक युक्ती मराठी वाचकाला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. फोन येत असल्याचा संदेश डी वाहिनीवर येतो, त्यातच फोन करणाऱ्याचा क्रमांक असतो. मुख्यालयाचा राउटर तो क्रमांक पाही, फोन न उचलता नाकारी, आणि स्वतः उलट फोन लावी. न उचललेल्या फोनला आकार नाही, त्यामुळे शाखेचा खर्च शून्य. भारतात ‘मिस्ड कॉल’ म्हणून जी लोकविद्या पुढे घरोघरी पोहोचली, तिचेच हे यांत्रिक रूप. गरज सारखी असली की अक्कल सारखीच चालते.

१६/ आता विरोधी पक्ष ऐकावा, आणि तो दुबळा नाही. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा सिद्धांत असा: ज्या गोष्टीची खात्री टोकांनाच पूर्णपणे करता येते, ती मधल्या यंत्रांवर सोपवू नये. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये इंटरनेटच्या घडणीमागील विचार मांडताना सत्राचे स्मरण टोकांपाशीच राहावे, असा आग्रह धरला. या दृष्टीने तोतया राउटर हा गुन्हेगार ठरतो. तो मध्ये बसून दुसऱ्याच्या जिवंतपणाची खोटी साक्ष देतो.

१७/ आणि त्या खोट्या साक्षीचे परिणाम खरे होते. नेटवेअरचा परवाना एकाच वेळी जोडलेल्या वापरकर्त्यांच्या संख्येवर असे. दूरच्या शाखेतील संगणक रीतसर बाहेर न पडता बंद झाला, तरी तोतया ‘आहे, आहे’ म्हणतच राही. सर्व्हर त्याची जागा अडवून ठेवी, आणि नव्या माणसाला प्रवेश नाकारला जाई. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत माजवलेला घोळ ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा धोका समजावून देण्याची गरज नाही. मृताच्या नावाने चाललेला कारभार अखेर जिवंतांच्याच मुळावर येतो.

१८/ दुसरी मर्यादा अधिक खोल होती. तार सोडून पुन्हा जोडणे टोकांना तेव्हाच कळत नाही, जेव्हा पत्ता तोच राहतो. इंटरनेट सेवादाता प्रत्येक फोनला नवा आयपी पत्ता देऊ लागला, की टीसीपीचे जुने सत्र अनाथ होई. स्मरण शाबूत, पण ज्या पत्त्यावर ते बांधले तो पत्ताच दुसऱ्याचा. मौनावर विश्वास ठेवण्याची ही सारी कला दोन ओळखीच्या कार्यालयांमध्ये खुलली. अनोळखी बाजारात ती तोकडी पडली. हे मान्य न करणारा समर्थक दुसरी बखर लिहीत असतो.

१९/ तरीही निवाडा तोतयाच्या विरुद्ध जात नाही. कारण पहिले असत्य त्याचे नव्हते. ‘पाच मिनिटे गप्प, म्हणजे संशयित’ हे विधानच खोटे होते. राउटरने एका असत्याला दुसऱ्याने आवर घातला. शिवाय सुज्ञ अभियंत्यांनी तोतयेगिरीलाही मुदत घातली. सिस्कोच्या पुढील आवृत्त्यांत अशी सोय आली की ठरावीक तास राउटरने खोटे उत्तर द्यावे, मग काही मिनिटे गप्प बसावे. त्या मिनिटांत सर्व्हरच्या हाका खऱ्या संगणकापर्यंत जाव्यात, आणि जो खरोखर नाही त्याची जागा मोकळी व्हावी. शुद्धतावाद्यांपैकी किती जणांनी आपल्या तत्त्वाला असा व्यावहारिक उपाय जोडून दाखवला?

२०/ आणि सूचना आधीच मिळालेली होती. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ ने टीसीपीतील ‘जिवंत आहेस का?’ या चौकशीबद्दल सावध नियम घातले: ही चौकशी मुळात बंद असली पाहिजे, कोणी सुरू केलीच तर तिचा मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी नसावा. कारणेही दिली: क्षणिक बिघाडात चांगले सत्र विनाकारण मोडेल, वाहतूक वाया जाईल, आणि जेथे पॅकेटमागे पैसे पडतात तेथे भुर्दंड बसेल. पाच मिनिटे आणि दोन तास यांतील अंतर हे दोन संस्कृतींमधील अंतर आहे.

२१/ गतीचे बखरकार म्हणतील, ‘अखेर जिंकला तो वेगच.’ मग १९९८ चे काय? ३ सप्टेंबर १९९८ रोजी स्पेनमधील आणि १ नोव्हेंबर १९९८ रोजी जर्मनीतील इंटरनेट वापरकर्त्यांनी संप केला, जोडणी न करण्याचा संप. त्यांची मागणी अधिक किलोबिटांची नव्हती. एकरकमी मासिक दराची होती. मिनिटांचा मीटर बंद करा, एवढेच. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना आपले दुखणे नेमके ठाऊक होते. नंतर तक्ते रचणाऱ्यांनी ते पुसून टाकले.

२२/ अमेरिकेत मीटर बंद झाल्यावर काय घडले तेही बोलके आहे. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने दरमहा १९.९५ डॉलरचा एकरकमी दर आणला. ग्राहकांनी फोन ठेवणेच सोडले. जोडण्या भरल्या आणि इतरांना व्यस्त असल्याचा सूर ऐकू येऊ लागला. शांततेचे बिल आता सेवादात्याच्या दारी आले होते. सेवादाते निष्क्रिय ग्राहकांना तोडू लागले, आणि ग्राहकांनी मुद्दाम अधूनमधून एखादे पॅकेट पाठवणारे छोटे प्रोग्राम चालवले. पूर्वी राउटर पैसे वाचवण्यासाठी ‘आहे’ म्हणत होता. आता ग्राहक तार अडवण्यासाठी ‘आहे’ म्हणू लागला. खर्च ज्याच्या माथी, त्याच्या विरुद्ध बाजूला असत्य जन्मते.

२३/ भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. येथील घरांत आयएसडीएन राउटर क्वचितच होता. त्याचे काम माणसे करीत. पत्र आधी लिहून ठेवायचे, मग जोडणी करायची, धाडायचे, आलेले उतरवून घ्यायचे, आणि वाचायला बसण्यापूर्वी तार सोडायची. दखलपात्र काय आणि घड्याळ केव्हा संपते, हे घरातील वडीलधाऱ्यांना पाठ होते. त्या पिढीला ‘संथ इंटरनेट सोसणारी’ म्हणून हसणे हे अज्ञान आहे. शांततेची किंमत जाणणारी ती शेवटची पिढी होती.

२४/ शेवटची, कारण पुढच्यांना ती किंमत दिसेनाशी झाली. संपली मात्र नाही. आज फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये पत्ते बदलणाऱ्या पेट्या बसल्या आहेत, आणि त्याही गप्प सत्रे विसरतात. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ ने त्यांना बजावले की टीसीपीचे सत्र किमान दोन तास चार मिनिटे लक्षात ठेवा. ते दोन तास कोठून आले, हे विसाव्या भागात आहे. बाजारातील साऱ्या पेट्या हे पाळत नाहीत. म्हणून फोनमधील ॲप थोड्या थोड्या वेळाने ‘आहे, आहे’ म्हणत राहतात. दर वेळी रेडिओ जागा होतो, आणि ते एक पॅकेट गेल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. मार्क आणि फेनिग गेले. बिल आता बॅटरीतून वसूल होते.

२५/ इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, असा आग्रह धरला. तंत्रज्ञानाच्या इतिहासाला तो आग्रह अद्याप लागू झालेला नाही. येथे अजूनही वेगाचे आकडे म्हणजे इतिहास समजला जातो. अस्सल कागद आहेत ते दरपत्रकांत, टेलिफोनच्या बिलांत, आणि राउटरमध्ये कोणा प्रशासकाने लिहून ठेवलेल्या दखलपात्रतेच्या यादीत. त्या यादीतील प्रत्येक ओळीमागे एक फुगलेले बिल आहे. ते कागद वाचल्यावाचून ‘जोडणी सदैव चालू’ या आजच्या सुखाचे मोल कोणाच्या माथी पडते, हे कळणार नाही.

(धागा समाप्त)